गोधडीचं वासरू

त्या वर्षी मी एकोणीस वर्षांची होते आणि कलकत्त्यात भवानीपुरातल्या आमच्या गल्लीत मला येताना पाहून बायका दारं लोटून घ्यायच्या. माझ्या कापडी पिशवीत जीवदयेची पत्रकं असत, हिंदी, बंगाली आणि इंग्रजी. समोरच्यानं ती हातात घेतल्याशिवाय मी उंबऱ्यावरून हलत नसे. बडाबाजारात एका कापडपेढीच्या माडीवर आमचं मंडळ भरायचं. तिथे मी बोलायला शिकले. आधी प्रश्न विचारायचा, मग मुक्या प्राण्याचं वर्णन करायचं आणि शेवटी ऐकणाऱ्याच्या ताटाकडे बोट दाखवायचं. कॉलेजातल्या मुली माझ्या शेजारी बसून डबा उघडत नसत, याचा मला अभिमान वाटायचा.

घरात मात्र माझ्या पत्रकांना गिऱ्हाईक नव्हतं. बाबा टपालखात्यात, बदलीवर आलेले. बाबा, आई, दादा, वहिनी, सगळी जन्माची शाकाहारी. वहिनीचं बाळ चार महिन्यांचं. म्हणजे घरी सुधारावं असं कुणी नाही, त्यामुळे माझा सगळा जोर गल्लीवर.

समोरच्या घरातल्या बंगाली मासीमांना मी तिसऱ्यांदा पत्रक द्यायला गेले तेव्हा त्या अंगणात विळीवर मासा चिरत बसल्या होत्या. त्यांनी हात पुसला नाही, वरही पाहिलं नाही.

"मी खाते ते माझ्या हातानं कापते गं," त्या म्हणाल्या. "त्याचं तोंड माझ्याकडे असतं. तू पितेस ते कुठून येतं, पाहिलंयस?"

"दुधासाठी कुणाला मारावं लागत नाही, मासीमा."

"कोपऱ्यावरच्या खटालात जाऊन ये. मग दे मला कागद. आणि जरा सर, उजेड अडवतेस."

खटाल म्हणजे शहरातला गोठा. तेव्हा कलकत्त्यात चार गल्ल्या ओलांडल्या की एक खटाल लागायचं. आमचं दूध कोपऱ्यावरच्याच खटालातून यायचं. आईची अट एकच, गवळ्यानं गाय दारात आणून डोळ्यांदेखत पिळायची. तो बिहारातल्या छपऱ्याकडचा, पन्नाशीचा माणूस होता आणि त्यानं ती अट वर्षभर पाळली होती. गाय तांबडी, कपाळावर पांढरा टिळा. ती गाभण राहिल्यापासून आई त्याच्या मागे लागली होती की व्यायली की चीक आम्हाला दे. इथे शेजारीपाजारी कुणी खरवस करत नव्हतं आणि आईला तर पुणं सोडल्यापासून खरवस मिळाला नव्हता. गाय व्यायली तेव्हा त्यानं तीन दिवस लोटा भरून चीक आणून दिला. आईनं गूळ आणि जायफळ घालून खरवस उकडला, ओळखीच्या चार मराठी घरी वाट्या पाठवल्या. मी उभ्या उभ्या तीन वड्या खाल्ल्या आणि मंडळात गेले.

पुढे दहा-बारा दिवसांनी त्यानं गाय दारात आणणं बंद केलं. म्हणाला, खुराला लागलंय. दूध बादलीतून यायला लागलं. आईला संशय आला तो फक्त पाण्याचा.

मासीमांना खोटं पाडायचं म्हणून, त्या बोलल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी खटालात गेले. वीसेक जनावरं एका रांगेत, आखूड दोरांनी बांधलेली, पोटापर्यंत शेणानं माखलेली. बसायला जागा नाही, तरी काही बसलेली. धूर कोंडलेला. आमची तांबडी टोकाला होती आणि गवळी तिला पिळत होता. खुराला काहीही झालेलं नव्हतं. तिच्या पुढ्यात वासराचं कातडं उभं होतं. आत पेंढा भरलेला, पोटाखाली सुतळीचे टाके, पायांच्या जागी चार बांबूच्या काड्या. डोळ्यांच्या जागी काही नाही. तांबडी ते चाटत होती. मानेवर चाटून चाटून केस गेले होते. आणि बादलीत धारा पडत होत्या, अगदी नेहमीसारख्या.

मी ओरडले असणार, कारण दोन-तीन माणसं खाटेवरून उठली. गवळी उठला नाही. मधेच थांबलं तर गाय दूध चोरते.

"मर गया, दीदी," तो म्हणाला. "दसवें दिन."

"कशानं?"

"कमजोर था. पहला दूध पेट में नहीं गया." मग त्यानं सहज, आज उकडतंय म्हणावं तसं सांगितलं, "वो तो आपके घर गया न. माँजी को पसंद आया था?"

बाकीचं त्यानंच सांगितलं, मी विचारत गेले तसं. वासरू नसेल तर गाय पान्हा सोडत नाही. पान्हा सुटला नाही तर दूध आटतं. आटलेल्या गाईला खटालाचा मालक दावणीला जागा देत नाही, व्यापारी येऊन घेऊन जातो. कुठे, ते त्यानं सांगितलं नाही. ते माझ्या पिशवीत तीन भाषांत छापलेलं होतं.

त्याच संध्याकाळी मी मंडळाच्या चिटणिसांकडे गेले आणि म्हटलं, दुधावर पत्रक काढा. ते सज्जन गृहस्थ होते, मुंग्यांना साखर घालणारे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "बेटी, गाय प्रेमानं देते. दूधही सोडायला सांगितलं तर मांस सोडणारा माणूस खाणार काय?" आणि माझ्यापुढे रबडीची मातीची वाटी ठेवली. मी तशीच ठेवून निघून आले. आजही मला ते भित्रे वाटतात. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र तेव्हा माझ्याकडे नव्हतं आणि अजूनही पुरतं नाही.

मी दूध सोडलं. दही, ताक, तूप, सगळंच.

"कधी सुटतं हे?" आईनं विचारलं. तिला वाटलं, कसलं तरी व्रत आहे.

"सुटत नाही. कायमचं आहे."

"मग वरणावर काय घालू?"

"काही नको."

"मग त्याला वरण म्हणू नकोस," आई म्हणाली आणि तुपाची वाटी दादाकडे सरकवली.

वहिनीनं मात्र खरंच समजून घ्यायचं म्हणून विचारलं. मोठ्या तापानंतर तिचं दूध कमी झालं होतं आणि बाळ त्याच तांबडीच्या दुधावर होतं. "बाळाचंही बंद करायचं का हो, वन्सं?"

"बाळाचं वेगळं."

"का वेगळं?"

पत्रकात ते नव्हतं. मी उठून आत गेले. खरवसाची गोष्ट मी अजून कुणालाच सांगितली नव्हती. दिसेल त्याला दोष सांगत फिरणारी मी, आणि हा एक दोष मी पोटात धरून बसले होते. कदाचित म्हणूनच माझा सगळा राग त्या कातड्यावर गेला. एका आईला तिच्याच मेलेल्या पिलाचं कातडं दाखवून फसवायचं, रोज दोन वेळा, याहून नीच काही मला सुचत नव्हतं. ते थांबवायला मंडळाचा ठराव लागत नव्हता.

दुपारी खटालातली माणसं झोपतात. कातडं भिंतीच्या खुंटीला टांगलेलं होतं. मी ते आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं, काखेला मारलं आणि चालत आदिगंगेच्या, म्हणजे गंगेच्या जुन्या फाट्याच्या, घाटावर गेले. इथे देव, नवस, निर्माल्य, सगळं पाण्यात जातं. याचाही शेवट नीट व्हावा असं मला वाटलं.

घाटावरच्या भटजींनी विचारलं, "कुणाचं?"

"वासराचं."

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि पळीभर पाणी शिंपडलं. मी ते सोडलं, तर बुडेना. आत पेंढा होता. मी बांबूनं ढकललं. भरतीची वेळ होती, पाणी नदीकडे जायच्या ऐवजी उलट शहरात शिरत होतं. चार काड्या वर करून ते वासरू आलं त्याच बाजूला तरंगत निघालं. मी तोंड फिरवून घरी आले. तरीही त्या दिवशी मला वाटत होतं की मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी केलं.

दुसऱ्या दिवशी गवळी रिकाम्या हातानं आला. आईला म्हणाला, कुणीतरी बच्चा चोरला. तांबडी कालपासून हंबरतेय, लाथा मारतेय, वैरणीला तोंड लावत नाही, थेंब देत नाही. मालकानं आठ दिवस दिलेत.

"मी नेलं," मी म्हटलं. "गंगेत सोडलं. तुम्ही तिला फसवत होतात."

तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो पायरीवर बसला.

"एक बच्चा मेरे हाथ से गया, दीदी," तो म्हणाला. "दूसरा आपके हाथ से."

आत बाळ रडायला लागलं होतं. वहिनी त्याला बार्लीचं पाणी पाजत होती आणि ते तोंड फिरवत होतं. आई माझ्या आणि गवळ्याच्या मधे उभी.

"वासरू न्यायच्या आधी गाईला विचारलंस का?" तिनं मला विचारलं.

"आणि तू विचारलं होतंस?" मी म्हटलं. मग राहवेना, आणि चीक, पहिलं दूध, दहावा दिवस, सगळं सांगून टाकलं, मोठ्यानं, गवळ्यादेखत. मला वाटलं होतं ती रागावेल. ती नुसती त्याच्याकडे बघून म्हणाली, "तू मला सांगितलंस का नाही?"

"आपने इतने प्यार से माँगा था, माँजी."

त्यानंतर आमच्या घरात खरवस झाला नाही.

त्या दुपारी आईनं ट्रंकेतून माझी लहानपणची गोधडी काढली. गवळ्याला म्हणाली, उंची सांग, लांबी सांग. त्यानं हातानं दाखवली. मग मला म्हणाली, "शिवायला तू बस. तूच बस."

मी बसले. मंडळात मी ज्या गोष्टीला नीचपणा म्हटलं असतं तीच मी दाभणानं शिवत होते, आणि टाका सैल पडला की आई उसवायला लावत होती. पेंढा खटालातून आला. पायांना बांबू. डोक्याचा आकार काही केल्या जमेना, शेवटी वहिनीनं बाळाची जुनी उशी आत कोंबली. ती म्हणाली, "दुधाचा वास येतो हिला. असू दे." गवळ्यानं वरून मिठाचं पाणी आणि गूळ चोळला.

पहिल्या दिवशी तांबडीनं ते हुंगलं आणि मान फिरवली. दुसऱ्या दिवशीही. मी कॉलेज सोडून तिथे उभी होते. हिला कळलंय, असं मला वाटलं आणि बरं वाटलं, आणि लगेच व्यापारी आठवला. तिसऱ्या दिवशी तिनं जीभ लावली. एकदा, मग पुन्हा, मग मानेपासून पाठीपर्यंत. गवळी हळूच खाली बसला. धार आली, पहिल्यासारखी नाही, पण आली.

"तिला खरं वाटलं का?" मी विचारलं.

"नमक चाट रही है," तो म्हणाला. मग बादली जरा सरकवली आणि म्हणाला, "क्या मालूम."

मी रडत होते. ती फसली म्हणून की वाचली म्हणून, हे मला तेव्हा कळलं नाही. तीन वर्षं झाली, अजून सांगता येत नाही.

आता लपवायला काही उरलं नव्हतं, म्हणून तो पुन्हा गाय दारात आणायला लागला, काखेत गोधडीचं वासरू घेऊन. माझ्या बाळपणीची हिरवी-निळी ठिगळं सगळ्या गल्लीला दिसायची. मासीमा एकदा खिडकीतून म्हणाल्या, "छान शिवलंयस गं." त्यात टोमणा होता की नाही, कोण जाणे. मी त्यांना पुन्हा पत्रक दिलं नाही. दूध मी आजही घेत नाही आणि खटालं बंद झाली पाहिजेत असंच म्हणते. पण चिटणिसांनी मराठी घरांसाठी एक पत्रक लिही म्हटलं, तर माझं लिहिणं पहिल्या प्रश्नापुढे जात नाही.

आठेक महिन्यांनी तांबडी आटली. बाळ तोवर भात खायला लागलं होतं. एका सकाळी गवळी एकटाच आला आणि गोणपाटात बांधलेलं वासरू आईच्या हातात दिलं. गाय मुलुखाला पाठवली म्हणाला. हावड्याहून, मालगाडीनं. भावाकडे.

आटलेली गाय मालगाडीनं छपऱ्याला कोण पाठवतं? भाऊ कोण, खर्च कुणी केला, मालकानं कसं सोडलं? अनोळखी माणसाला त्याच्या ताटाबद्दल विचारणारी मी दारात उभी होते. तो माझ्याकडे बघत होता, विचारायचं तर विचार, असं.

मी विचारलं नाही. तो गेला.

"मुलुखाला म्हणाला ना?" आतून आईनं विचारलं.

"हो."

तिनं टाके उसवले, पेंढा काढला, गोधडी भिजत घातली. मीठ निघायला तीन पाणी लागली. गॅलरीत वाळत घातली तेव्हा मानेच्या जागी वरचा थर झिजून आतलं लुगडं दिसत होतं. तिथे ठिगळ लावून बाळाला पांघरायला घ्यावी का, असं आईनं मला विचारलं. मी झिजलेल्या जागेवरून बोट फिरवत राहिले. वाळल्यावर तिनं ती तशीच घडी करून ट्रंकेत ठेवली.