पत्रकात नसलेली माती

आमच्या इंदिरानगरच्या टूर ऑफिसात मी प्रवाशांना सेशेल्सचं माहितीपत्रक वाचून दाखवत होतो. बारमाही उकाडा, भरपूर पाऊस, घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. सटाण्याकडचे एक म्हातारे शेतकरी टोपी मांडीवर ठेवून ऐकत होते. बाकीच्यांनी समुद्रकिनाऱ्यांबद्दल विचारलं. ते म्हणाले, "पाऊस लय म्हणता, मग माती कशी हाय तिथली? पाणी साचून राहतं का?"

मी हसून म्हणालो, "बाबा, फिरायला चाललात की कांदा लावायला?"

ते हसले नाहीत. टोपीची घडी अंगठ्यानं दाबत राहिले.

"पोरगा कामाला होता तिकडं. तिथंच पुरलाय त्याला."

मी पत्रक पुन्हा पुन्हा चाळलं. त्यात समुद्राच्या पाण्याचं तापमानसुद्धा दिलेलं होतं.