पाठमोरा नालबंद

ते आधी चपला काढायचे. दोन्ही चपला भिंतीकडेला टाचा जुळवून ठेवायचे. मग घोड्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि म्हणायचे, "हां, चालवा. कोनी बोलू नका."

लंगडणारा घोडा माणसं कशी तपासतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. वाकून पाय बघतात, मान किती खाली जाते ते बघतात, मग एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. हा माणूस घोड्याकडे बघतच नसे. मोतद्दार लगाम धरून घोड्याला दुडक्या चालीने फरशीवरून पलीकडे नेई आणि परत आणी. अशा दोन फेऱ्या, फार तर तीन. मग ते वळत आणि पायाचं नाव सांगत. "मागला डावा." क्वचित पुढे आणखी एक शब्द येई. "टाच." किंवा "गुडघा." बस्स.

"नाना, बघत का नाही?" असं कोणी विचारलं, तर उत्तर ठरलेलं असे. "डोळा फसाडस."

धुळ्यात पांझरा नदीकडे उतरणाऱ्या जुन्या रस्त्यावर त्यांची पत्र्याची शेड होती. आत ऐरण, भाता आणि नालांनी भरलेली लाकडी पेटी. बैलांना नाल ठोकणं हे त्यांचं मूळ काम. ट्रॅक्टर आले, तसं ते काम आटत गेलं. त्याच काळात हौसेचे घोडे मात्र वाढले. फैजपूरकडच्या केळीच्या बागाईतदारांनी मळ्यात एखादी घोडी बांधायला सुरुवात केली. शहरातल्या व्यापारी घरांतून सकाळची रपेट सुरू झाली. यात्रेतल्या शर्यतींसाठी घोडे तयार होऊ लागले. नाना मोटरसायकलला पेटी बांधून आसपासच्या जिल्ह्यांत फिरू लागले.

मी तेव्हा एका दैनिकाचा धुळ्यातला वार्ताहर होतो. त्यांच्यावर लेख लिहायचा म्हणून काही रविवार त्यांच्या मागे बसून हिंडलो. वही भरली. हौसेच्या घोड्याचा दिवस किती ठरलेला असतो, ते त्या वहीत आहे. पहाटे वैरण, मग खरारा, खुरांतली माती काढणं, हाताने फिरवणं, मग रपेट, घाम वाळवून पाणी. यातली एक पायरी चुकली की घोडा आजारी पडतो. खोगिराचा तंग आवळून बसला की छातीखाली जखम होते. ओल्यात उभा राहिला की खूर सडतो. लग्नात पाहुण्यांनी कौतुकाने हरभरे चारले की पोटशूळ उठतो आणि घोडी जमिनीवर लोळू लागते.

तशी एक घोडी भडगावजवळ पाहिली. चार माणसं तिला उठवत होती. नानांनी तिच्या कुशीला गाल लावला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच राहिले. मग म्हणाले, "पोट चालू शे. फिरवत ऱ्हावा. डॉक्टर येस तोवर खाली बसू देऊ नका." डॉक्टर आले, त्यांनी नळी घातली, घोडी वाचली. मी वहीत लिहिलं: 'कान लावून पोट ऐकलं.' त्यांनी गाल लावला होता. जे अपेक्षित होतं, ते मी लिहिलं होतं.

लेख छापून आला. मथळा माझाच होता: 'कानाने घोडा ओळखणारा नालबंद'. शांततेत टापांचा आवाज ऐकून ते दुखरा पाय सांगतात, म्हणूनच कोणाला बोलू देत नाहीत, असं मी खुलासेवार लिहिलं होतं. लोकांना लेख आवडला. लांबून घोडे येऊ लागले. नानांनी लेखाबद्दल चकार शब्द काढला नाही. मला तो विनय वाटला.

पुढच्या उन्हाळ्यात फैजपूरच्या एका मळ्यात आम्ही गेलो होतो. नाना पाठमोरे उभे होते, घोडी फेरी मारत होती. तेवढ्यात मागच्या रस्त्यावर ट्रॉलीचं टायर फुटलं. मी दचकून खाली बसलो. मोतद्दाराच्या हातून लगाम सुटता सुटता राहिला. घोडी दोन पायांवर उभी राहिली आणि धाडकन खाली आली.

नाना वळले. त्यांच्या चेहऱ्यावर नुसतं कुतूहल होतं. "घोडी कसाले बिचकनी?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. परतताना आम्ही चहाला थांबलो. ते बाकावर माझ्या बरोबर समोर बसले. ते नेहमी समोरच बसत, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

"नाना, टायर फुटलं होतं," मी म्हणालो.

माझ्या ओठांवरची नजर त्यांनी हलवली नाही. ते म्हणाले, "माले ऐकू येत नही, भाऊ. बारा वरीस व्हई गयात. ऐरणनी कान खाधात."

"मग घोडा?"

त्यांनी चपलेतून पाय काढला आणि तळव्यावर हात मारला. "हाऊ शे ना."

मला माझा लेख आठवला. त्यातला प्रत्येक खुलासा उलटा होता. कोणी बोलू नका, असं ते म्हणायचे, कारण पाठ फिरवल्यावर कोण काय बोललं ते त्यांना कळलं नसतं. उत्तर न मिळालेल्या एका प्रश्नाने सगळं उघडं पडलं असतं.

"मी दुरुस्ती छापतो," मी म्हणालो.

"नको. तुम्ही कान छापी दिधा, ऱ्हाऊ द्या. लोके म्हनतीन, नाना बहिरा व्हयना, आते त्याले काय समजस." त्यांनी चहा संपवला. "पोट त्यावर शे, भाऊ."

मी दुरुस्ती छापली नाही. चुकीची बातमी माहीत असून तशीच ठेवण्याची माझी ती पहिली वेळ. घरी मी अनवाणी उभा राहून पाहिलं. शेजारून ट्रक गेला तर कळे. टांग्याचा घोडा कळला नाही.

तीन वर्षं ही गोष्ट आम्हा दोघांत राहिली. मग शेठजींच्या घोडीचा दिवस आला.

शेठजींचं घराणं मूळचं राजस्थानातलं. धुळ्यात कापडाचं दुकान, आणि साक्री रस्त्याला आवारात तीन घोडे. त्यांची मुलगी सकाळी रपेट करून मग दुकानात बसायची. यात्रेतल्या रवाल चालीच्या शर्यतीत ती स्वतः घोडी काढणार होती. रवाल म्हणजे अशी सपाट, वेगवान चाल की स्वाराच्या हातातल्या पेल्यातलं पाणी सांडू नये. शर्यत रविवारी. शुक्रवारी तिने नानांना बोलावलं. डॉक्टर आदल्या दिवशी येऊन गेले होते. पायाला सूज नाही, ताप नाही, चाल सरळ.

"मग माले कसाले बलावं?" नानांनी विचारलं.

"डाव्या वळणावर ती जरा उशीर करते, नाना. दिसत नाही. बसल्यावर वाटतं."

शर्यतीवर बातमी करायची म्हणून मी तिथे होतो. शेठजींचे एक स्नेहीही होते. ते लग्नांना घोड्या पुरवत. ही घोडी जिंकणार, असं त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं.

नानांनी चपला काढल्या, पाठ फिरवली. घोडी फरशीवरून रवाल चालीत निघाली. स्नेही हळूच नानांच्या मागे गेले. त्यांना कुठून तरी कुणकुण लागली असावी.

"नाना!" त्यांनी हाक मारली.

उत्तर नाही.

"अहो नाना, तुमच्या शेडला आग लागली!"

नाना ढिम्म. आवारात हसू फुटलं. मोतद्दारही हसला.

"आग ऐकू येत नाही आणि घोडीचा पाय ऐकू येतो! पेपरात छापून आलंय म्हणे!" असं म्हणत त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तिसरी फेरी झाली. नाना वळले. त्यांना हसणारे चेहरे दिसले. ते एकेक चेहरा बघत गेले आणि माझ्यावर थांबले. काय झालं, ते त्यांना कळलं होतं. तरी आधी त्यांनी कामाचं सांगितलं. "पुढला डावा. बाहेरनी बाजू."

शेठजी समोर आले. "नाना, खरं सांगा. तुम्हाला ऐकू येतं का?"

"नही."

"मग हे सगळं?"

आता बोलायचं मला होतं. "शेठजी, मी चूक छापलं," मी म्हणालो. "ते कानाने ओळखत नाहीत. तळपायाने ओळखतात. मला तीन वर्षांपासून माहीत आहे."

आता हसू आणखी मोठं झालं. "उद्या डोक्याने चालतील!" स्नेही म्हणाले.

मुलगी हसली नाही. ती पायरीवर बसली, बूट काढले, मोजे काढले. "मला दाखवा, नाना."

नानांनी तिला दंडाला धरून एका फरशीवर उभं केलं. पाठ घोडीकडे. स्वतः तिच्या शेजारी तसेच उभे राहिले आणि तिचं मनगट हातात घेतलं. घोडी निघाली. नाना दोन बोटांनी तिच्या मनगटावर ठेका देऊ लागले. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. त्यांची पाठ घोडीकडे, कान बंद, आणि बोटं टापांबरोबर तंतोतंत पडत होती. मी घोडी आणि बोटं आळीपाळीने पाहिली. घोडी वळली, ठेका वळला. मोतद्दाराने मधेच लगाम खेचला, घोडी अडखळली. त्याच क्षणी बोटं अडखळली. आवारात आता कोणी हसत नव्हतं.

चौथ्या फेरीला नानांनी मनगट सोडलं. पाचव्या फेरीत मुलगी तशीच पाठमोरी राहून म्हणाली, "तिसरा. पपा, तिसरा हलका पडतोय."

"हलका म्हणजे किती?"

"किती ते माहीत नाही. ती तो पूर्ण टेकवत नाहीये."

तिसरी टाप पुढल्या डाव्याची होती.

नानांनी पेटी उघडली, घोडीचा पाय मांडीवर घेतला आणि पकडीने एकेक खिळा उपसू लागले. प्रत्येक खिळा उजेडात धरून फरशीवर ओळीने ठेवला. सहा खिळे होते. पाच कोरडे निघाले. बाहेरच्या बाजूचा शेवटचा खिळा टोकाला काळा आणि ओला होता. त्यांनी तो नाकाशी नेला. मग खुराच्या त्या जागी अंगठा दाबला. घोडीने पाय ओढला आणि खिळ्याच्या छिद्रातून काळपट पुवाचा एक थेंब बाहेर आला.

खिळा खुराच्या जिवंत भागाला घासून गेला, की दुखणं लगेच दिसत नाही. आत पू धरत जातो. घोडा चालत राहतो, आणि भर वेगात एका वळणावर पाय सोडून देतो. स्वार त्याच्या खाली येतो.

"डॉक्टरांना कसं दिसलं नाही?" शेठजी म्हणाले.

त्या वाक्याने नानांना वाट मोकळी झाली होती. ते नुसते गप्प राहिले असते, तरी तो दिवस त्यांचा होता. ते उठून उभे राहिले, खिळा तळहातावर ठेवला आणि शेठजींच्या पुढे धरला.

"डॉक्टरले काय दिसनार? हाऊ खिळा मना शे. आठ दिवस पहिले मीच मारा. आत गया."

नोकरीत मी पुष्कळांच्या चुका छापल्या आहेत. बहुतेक चुकांना मालक सापडत नसे. कोणी विचारलं नसताना, जिंकलेल्या जागेवर उभं राहून, चूक अशी तळहातावर ठेवून पुढे धरणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. नंतरही नाही.

शेठजी काही बोलायच्या आत मुलगी म्हणाली, "रविवारी नाही जायचं." मग नानांकडे वळून, ओठ दिसतील असं सावकाश, "नाना, पुढचा नाल तुम्हीच ठोकायचा."

डॉक्टर आले. त्यांनी छिद्र मोठं करून पू काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. गरम मीठपाण्यात पाय शेकायला सांगितला. ते शेकायला नाना रोज साक्री रस्त्याला जात, घोडी चारी पायांवर सारखी उभी राहीपर्यंत. पहिल्या दिवशी निघताना ते मला म्हणाले, "आते लिखा."

संपादकांनी विचारलं, इतक्या जुन्या लेखाची दुरुस्ती कोण वाचणार? तरी आतल्या पानावर चार ओळी आल्या. 'ते घोड्याची चाल कानाने नव्हे, तळपायाने ओळखतात. चुकीबद्दल दिलगीर आहोत.' मी अंक घेऊन शेडवर गेलो आणि समोर बसून त्या ओळी वाचल्या. नानांनी माझे ओठ वाचले. "खिळानं नही लिखं?" त्यांनी विचारलं. ती माझी चूक नव्हती, म्हणून लिहिली नाही, असं मी सांगितलं. ते त्यांना पटलेलं दिसलं नाही.

काही गिऱ्हाइकं तुटली. लग्नाच्या घोड्यावाले स्नेही दोन महिने फिरकले नाहीत. मग एका सकाळी ते पांढरी घोडी घेऊन शेडसमोर उभे राहिले. नानांनी चपला काढल्या, पाठ फिरवली. "कोनी बोलू नका," ते म्हणाले, आणि स्नेह्यांनी खरोखरच तोंडावर हात धरला.

गेल्या थंडीत नाना गेले. छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. शेड बंद आहे.

परवा शेठजींच्या आवारात गेलो होतो. घोड्यांच्या पायांना बरं म्हणून सगळीकडे आता मऊ वाळू टाकली आहे. तबेल्यापासून फाटकापर्यंतचा फरशीचा पट्टा तेवढा तसाच ठेवला आहे. तीच घोडी आता वयाने जड झाली आहे. मोतद्दाराने तिला बाहेर आणलं. मुलीने पायरीवर बूट काढले, टाचा जुळवून ठेवले आणि पाठ फिरवून उभी राहिली.

"चालवा," ती म्हणाली. "कोणी बोलू नका."

मी चपला काढल्या आणि तिच्या शेजारी, घोडीकडे पाठ करून उभा राहिलो. फरशी गार होती. मला काही कळलं नाही. ती डोळे मिटून उभी होती, आणि तिच्या उजव्या हाताची दोन बोटं मांडीवर ठेका देत होती.