सावलीची घरपट्टी

वकीलकाकांना कागदावर लिहिलेली कोणतीही गोष्ट खरी वाटत नसे. जन्म वकिलीत घालवलेल्या माणसाने असं असावं ही गंमतच, पण होतं खरं. संत्री घ्यायची झाली तर ते बाजारात न जाता वरूडला बागेत जाऊन झाडं पाहून येत. लग्नाची पत्रिका आली तरी म्हणत, "कार्यालय कुठी हाय ते पाहून येतो एकदा." पत्रिकेत पत्ता ठळक अक्षरात छापलेला असे, तरीही.

याचं मूळ त्यांच्या कामात होतं. अमरावतीच्या कोर्टात त्यांनी आयुष्यभर धुऱ्याचे दावे चालवले. दोन शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, कुणी किती सरकवला, यावर आमच्या वऱ्हाडात सख्खे भाऊ पिढ्यानुपिढ्या बोलत नाहीत. अशा वेळी कोर्ट एखाद्या वकिलाला कमिशनर नेमून शेतावर पाठवतं, आणि हे उन्हातान्हाचं काम इतर वकील टाळत म्हणून काकांकडे येई. "कागद दोघायचेही खरेच असतात, पोरी," ते मला सांगत. "पण धुरा एकच रायते. जाग्यावर गेलं का सारं दिसते." गावात त्यांचं नावच 'जाग्यावरचे वकील' पडलं होतं. मी मात्र त्यांना वकीलकाकाच म्हणे.

वकिली सोडल्यावर ते काकूंच्या माहेरगावी, म्हणजे अमरावती-अकोला रस्त्यावरच्या आमच्या तालुक्याच्या गावी येऊन राहिले. त्यांचं घर माझ्या घराला लागूनच. मी इथल्या कॉलेजात शिकवते. काकूंना दमा होता. कूलरची ओलसर हवा त्यांना सोसत नसे आणि खोल्यांवर टिनाचे पत्रे. म्हणून मार्च संपला की काका ओसरीपुढे मांडव घालत. बांबूच्या बल्ल्या, त्यावर तट्टे, वर पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, आणि हिरवी जाळी. उन्हाळाभर काकूंची खाट तिथेच. मांडव काही त्यांचाच नव्हता, आमच्या गल्लीत घरोघरी असतो. मृगाचा पाऊस आला की उतरवायचा, बल्ल्या भिंतीला टेकवून ठेवायच्या, हा इथला रिवाज.

आता या मांडवाने काय घात केला ते सांगते, आणि सांगताना आजही माझं डोकं तापतं.

नगरपालिकेने घरपट्टीसाठी सगळ्या गावाची नव्याने आकारणी काढली. काम दिलं बाहेरगावच्या एका कंपनीला. त्यांची मुलं भर मे महिन्यात आली, चौकात उभी राहिली, ड्रोन उडवलं, वरून फोटो काढले आणि उसाचा रस पिऊन गेली. एकाही घराची कडी वाजवली नाही. हिवाळ्यात नोटिसा आल्या तेव्हा कळलं, की गल्लीतलं प्रत्येक घर ओसरीपुढे वाढलं आहे. वरून मांडव दिसला, म्हणजे छत. छत आहे, म्हणजे बांधकाम. आणि गावाबाहेर पुढाऱ्याचं लग्नाचं लॉन आहे, जिथे वऱ्हाडी हजारांनी जेवतात, ते मात्र नोंदलं गेलं मोकळी जागा म्हणून. त्या दिवशी तिथे लग्न नव्हतं, नुसतं गवत दिसलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

गल्ली खवळली. काका मात्र शांत होते. "अरे, हे तर सोपं हाय," ते म्हणाले. "साहेबाले एकडाव इथं आणतो. हातच्या कांकणाला आरसा कायले पाह्यजे?"

हा विश्वास त्यांना सरकारी माणसांबद्दल नव्हता बरं का. सरकारी आकड्यांचा त्यांना चांगला अनुभव होता. त्याच्या आदल्या वर्षी गावात रोजगार मेळावा झाला होता, आणि नंतर तालुक्यातल्या किती तरुणांना नोकऱ्या लागल्या त्याचा भला मोठा आकडा बॅनरवर झळकला. आढावा सभेत काका उभे राहिले. "आकडा राहू द्या, साहेब. त्यातला एक पोरगा दाखवा. त्याच्या कारखान्यात जाऊन त्याले चहा पाजतो मी." मेळावा घेणाऱ्या साहेबांनी हसून मागच्या बॅनरकडे हात केला. त्यावर हातात प्रमाणपत्र धरलेल्या मुलांचा फोटो होता. काकांनी चष्मा सारखा केला, जवळ जाऊन पाहिलं आणि वळून म्हणाले, "हा तर आपला मंगेश."

मंगेश म्हणजे माझा धाकटा भाऊ. डिप्लोमा करून घरी बसलेला, आणि त्या क्षणी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला. काकांनी त्याला उभं केलं. साहेब जराही गडबडले नाहीत. म्हणाले, "नाव नोंदवलं म्हणजे संधी मिळाली, आणि संधी हाच रोजगार." लोक हसले. दुसऱ्या दिवशी पेपरात आकडा तसाच छापून आला. मंगेश चार दिवस जेवला नाही धड. काका त्याची समजूत काढत होते, "त्यायच्या हिशोबानं तू नोकरीवर हायेस, सुट्टी टाकून घरी बसला समज." असं हसण्यावारी नेत, पण औद्योगिक वसाहतीत एकटेच जाऊन ते बंद शेडची कुलुपं पाहून आले होते, हे मला काकूंनी सांगितलं.

तर घरपट्टीची सुनावणी झाली. मोठा हॉल, पंख्याची घरघर, हरकती घेऊन बसलेली म्हातारीकोतारी. काकांनी एकच मागणं केलं, "जाग्यावर चला. दहा मिनिटाचं काम हाय." कर अधिकारी आपल्याच भागातले, कौंडण्यपूरकडचे. त्यांना मांडव काय ते माहीत नसेल असं कोण म्हणेल? काकांनी विचारलंच, "साहेब, तुमच्या घरी मांडव नाही का?" ते म्हणाले, "माझं सोडा. सिस्टीममध्ये छत दिसून राहिलं. आता थंडीत येऊन काय पाहू? तुमी उन्हाळ्यात परत उभं करसान. मे महिन्यात पाहणीले येतो. तवा छत नसलं, तर कमी करून टाकू."

यावर मी भांडायला उठले होते. काकांनी माझा हात धरून खाली बसवलं. "येतो म्हणाला ना? जाग्यावर येतो म्हणाला."

आणि त्या वर्षी काकांनी मांडव घातला नाही. पाहणी होईपर्यंत कुणीच घालू नये, असं गल्लीत ठरलं होतं, पण एप्रिलच्या उन्हाने एकेकाचा निश्चय वितळला आणि बल्ल्या उभ्या राहिल्या. काकांची ओसरी तेवढी उघडी. काकूंनी खाट आत घेतली. टिनाखाली जीव घाबरा होई, बाहेर यावं तर ऊन थेट अंगावर. त्या फटकळपणे म्हणत, "साहेब येईन तवा येईन. मी त्याच्या आधी जाईन." काका नगरपालिकेत खेटे घालत होते. या सोमवारी नक्की, मग पुढच्या सोमवारी, मग ड्रायव्हर रजेवर, मग मार्चएंडचं काम मे महिन्यातही संपलेलं नाही. मी काकांना दोनदा सुनावलं, की खड्ड्यात गेली ती घरपट्टी. ते म्हणाले, "पैशाचा सवाल नाही, पोरी. खोटं लिहिलं हाय त्यायनं, आन् ते मी इथं राहून खोटं हाय म्हणून दाखवू शकतो. मंग काऊन नाही दाखवू?"

एका दुपारी काकू ओसरीवरच कोसळल्या. मंगेशने गाडी आणली, आम्ही त्यांना अकोल्याला दवाखान्यात नेलं. ऊन लागलं होतं, त्यात दम्याने उचल खाल्लेली. मुलगी अकोल्यातच राहते, ती बापाला नको ते बोलली. काका मान खाली घालून ऐकत होते. काकू वाचल्या. त्यांना घरी आणायच्या दिवशी सकाळी उठून पाहते तो काका शिडीवर चढलेले. मला म्हणाले, "पोरी, हा दोर धर जरा." मी दोर धरला. आम्ही दोघांनी मिळून मांडव घातला.

दोन दिवसांनी साहेब आले.

हो, खरंच आले. घामाघूम होऊन मांडवाखाली खुर्चीवर टेकले. काकूंनी खाटेवरूनच पन्हं द्यायला सांगितलं. साहेबांनी ग्लास रिकामा केला, वर पाहिलं, म्हणाले, "झकास गारवा हाय इथं." काकांनी बल्लीला हात लावून ती हलवून दाखवली. दोर दाखवला, पऱ्हाटीची काडी मोडून हातात दिली. साहेबांनी काडी खाली ठेवली, मोबाइलवर फोटो काढला आणि सांगितलं, "छत तर हाय ना, काका. मी काय करू?" जाताना नमस्कारही केला. वाईट माणूस नव्हता तो, म्हणून तर मला जास्त संताप आला. वाईट असता तर भांडता आलं असतं.

काकांनी घरपट्टी भरली. पाऊस आला, गल्लीतले मांडव उतरले. काका शिडी घेऊन निघाले, तर काकूंनी अडवलं. "बाराही महिन्याचा टॅक्स घेतला त्यायनं. मंग बाराही महिने राहू द्या त्याले." काकांनी वाद न घालता शिडी परत ठेवली. पऱ्हाटी भिजली, तट्टे काळे पडले, आणि ते ओसरीपुढे कुजत राहिलं.

श्रावणात मुलगी आली आणि दोघांना अकोल्याला घेऊन गेली, आता कायमचं. सामान थोडंच होतं. काकू गाडीत बसल्या, मंगेशने पिशव्या ठेवल्या. काका दाराला कुलूप लावून माझ्याजवळ आले. निरोपाचं काही बोलतील म्हणून मी डोळे पुसून तयार होते.

त्यांनी विचारलं, "पोरी, साहेब जाग्यावर आला होता ना?"

"आले होते, काका."

"बसला होता ना इथं? बल्ली हलवून दाखवली ना मी त्याले?"

"दाखवली."

"मंग त्याले दिसलं काऊन नाही?"

कोर्टात साक्षीदाराला विचारावं तसं सरळ विचारलं त्यांनी, आणि उत्तरासाठी खरोखर थांबले. मुलीने गाडीतून हाक मारली तरी थांबले. मग ते गाडीत जाऊन बसले.