ईश्वरीचे न मोजलेले शब्द

तीन महिन्यांनी आम्ही ईश्वरीचे शब्द पुन्हा मोजले. सहा भरले. पहिल्या भेटीतही सहाच होते.

“अजून किती बोलू मॅडम?” तिची आई स्नेहल म्हणाली. “सकाळी उठल्यापासून बोलतीया मी. घसा बसला. हिचं तोंड उघडायचं नाव न्हाय.”

ईश्वरी चटईवर बसून डब्यांना झाकणं लावत होती. मोठ्या डब्याला मोठं, लहानाला लहान. एकही चुकलं नाही. आवाजही नाही.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. कोल्हापुरात राजारामपुरीत माझं दोन खोल्यांचं क्लिनिक आहे, बावीस वर्षं झाली. उशिरा बोलणारी, अडखळत बोलणारी, बोबडी बोलणारी मुलं माझ्याकडे येतात. ईश्वरी आली तेव्हा दोन वर्षं आठ महिन्यांची होती. या वयाची बहुतेक मुलं दोन-तीन शब्द जोडून काहीतरी मागतात, नाकारतात, भांडतात. ही बोट दाखवायची आणि थांबायची.

मूल बोलत नसेल तर आधी कान तपासायचे, हा आमचा पहिला नियम. मोबाईलच्या आवाजाला वळलं म्हणजे ऐकू येतं असं नसतं. काही आवाज येतात, काही येत नाहीत. ईश्वरीचे कान ठीक निघाले. दुसरं बघायचं ते समज. ‘चप्पल आण’ म्हटलं की ती आणायची. डोळ्यांत बघायची, काही आवडलं तर आईला ओढत नेऊन दाखवायची, बाहुलीला खोटं खोटं जेवू घालायची. हे सगळं जाग्यावर असलं की माझा निम्मा जीव भांड्यात पडतो. अडकलं होतं ते फक्त बोलणं.

त्या पहिल्या भेटीत तिचे वडील शिवानंदही आले होते. कुरुंदवाडला त्यांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. घर मूळचं कन्नड बोलणारं. स्नेहल इचलकरंजीची, मराठी.

“आम्ही कन्नड बंद केलंय मॅडम,” शिवानंद म्हणाले होते. “वर्ष झालं. घरात फक्त मराठी आणि इंग्लिश. पोरगी कन्फ्यूज व्हायला नको. माझ्या आईलाबी सांगितलंय.”

मी होकारार्थी मान हलवली होती.

ही चूक माझी. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं हे खरं नाही, हे मला माहीत होतं. मी शिकले तेव्हा आम्हाला ‘घरात एकच भाषा ठेवा’ असंच सांगायला शिकवलं होतं. पुढे ते बदललं, मी वाचलंही होतं. पण आईबापांनी स्वतःहून काही ठरवून आणलं की ते मोडायला वेळ लागतो, आणि बाहेर चार पेशंट बसले होते. मी मान हलवली आणि मराठी-इंग्लिश शब्दांची यादी करायला सांगितली. आई, पप्पा, बॉल, बाय, नो आणि कुत्र्याला भू. सहा.

आता तीन महिने गेले होते. नर्सरीच्या प्रवेशासाठी घरच्यांनी जी शाळा बघितली होती, तिथल्या बाईंनी ईश्वरीला पाच मिनिटं बघून सांगितलं होतं, “हिला स्पेशल स्कूल बघा.” त्या दिवसापासून शिवानंद क्लिनिकला येईनासे झाले. स्नेहल एकटी बसने यायची.

“हे म्हणत्यात, तू नीट शिकवत न्हाईस,” ती म्हणाली. ती रडली नाही. डब्यांकडे बघत राहिली.

क्लिनिकमध्ये मला अर्धा तास दिसतो. मुलाचा दिवस दिसत नाही. मी म्हटलं, “रविवारी मी तुमच्या घरी येते.”

रविवारी दहाच्या सुमाराला पोचले. शिवानंद घरीच होते. पुढच्या खोलीत भिंतभर तक्ते. फळं, रंग, प्राणी, ए टू झेड. मला चहा दिला आणि दोघांनी ईश्वरीला समोर बसवलं. आपण कसं शिकवतो ते मॅडमना दाखवू, असा बेत असावा.

“ईशू, व्हॉट इज धिस? हा कोणता कलर? सांग. सांग की. रेड. म्हण, रेड.”

दहा मिनिटांत तिला एकवीस प्रश्न विचारले गेले. मी वहीत रेघा मारत होते. एकाही प्रश्नानंतर दोन सेकंदांच्या वर कुणी थांबलं नाही. आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच माहीत होतं. मुलं देवाणघेवाणीतून बोलायला शिकतात. मुलाने काहीतरी दाखवावं, मोठ्याने त्यावर बोलावं, मुलाने पुन्हा काही करावं. इथे देवाणघेवाण नव्हती, तोंडी परीक्षा होती. स्नेहल दिवसभर बोलत होती हे खरंच होतं. दिवसभर ती परीक्षा घेत होती.

पाचव्या-सहाव्या तक्त्याला ईश्वरी उठली. माझं बोट धरलं आणि मला ओढत मागच्या दाराकडे घेऊन गेली.

मागे गोठा होता. एक म्हैस, एक रेडकू. शिवानंदांची आई तिथे बादलीने म्हशीला पाणी पाजत होती. घरात सगळे त्यांना अव्वा म्हणतात, म्हणजे कन्नडमध्ये आई. त्यांनी मला बघून डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पुन्हा म्हशीकडे वळल्या. त्या म्हशीशी बोलत होत्या. सावकाश, अघळपघळ, कन्नडमध्ये. बोलायच्या, थांबायच्या, म्हशीचं काय म्हणणं आहे ते ऐकल्यासारखं करायच्या आणि पुन्हा बोलायच्या. ईश्वरी जाऊन दगडावर बसली. ती तिची रोजची जागा असावी.

म्हशीने बादलीतून तोंड काढलं.

“नीरु साकु,” ईश्वरी म्हणाली.

बारीक आवाजात, पण स्वच्छ. अव्वा म्हशीलाच म्हणाल्या, “साकु? साकु?” आणि बादली उचलली.

मला कन्नड येत नाही. स्नेहल दारात उभी होती. मी विचारलं, “काय म्हणाली ती?”

“नीरु म्हणजे पाणी. साकु म्हणजे पुरे,” स्नेहल म्हणाली आणि मग तिचं तिलाच ऐकू आलं. “पाणी पुरे म्हणाली?”

दोन शब्द. जोडून. योग्य वेळी, योग्य अर्थाने. तीन महिने मी ज्याची वाट बघत होते ते या गोठ्यात चाललं होतं. मी वही काढून दगडाशेजारी बसले. पाऊण तासात मी चौदा शब्द लिहिले. स्नेहल अर्थ सांगत होती. दूध, गवत, ये, दे, नको. रेडकाने तिचा फ्रॉक चाटायला घेतला तेव्हा ती ‘ब्याडा, ब्याडा’ करत अव्वांच्या मागे लपली. ब्याडा म्हणजे नको.

“ही असं बोलते हे तुम्हाला माहीत नव्हतं?” मी विचारलं.

“एखादा शब्द कानावर यायचा. पण ते धरायचे नसत्यात असं वाटलं. तुम्ही मराठी-इंग्लिश लिहा म्हणाला होता. आणि ह्यांच्यासमोर तिनं ‘हालु’ म्हटलं की हे म्हणायचे, हालु न्हाय, मिल्क म्हण. मग ती गप्पच बसायची.”

तेवढ्यात शिवानंद मागे आले. माझ्या हातातली वही बघितली, आईकडे बघितलं.

“अव्वा, तुला सांगितलं होतं न्हवं? पोरीसंगं कन्नड बोलायचं न्हाय म्हणून?”

ते मुद्दाम मराठीत बोलले, माझ्यासाठी. अव्वांनीही मोडक्या मराठीतच उत्तर दिलं, माझ्याकडे बघून.

“मी पोरीसंगं बोलत न्हाय बाई. वर्ष झालं. म्हशीसंगं बोलतो. पोरगी येऊन बसतीया, मी काय करू? पोराचा शब्द मोडला न्हाय मी.”

म्हातारीने वर्षभर नातीशी एक शब्द न बोलता तिला बोलायला शिकवलं होतं. त्यात तिचा काही कावा होता की खरंच नुसता नियम पाळला होता, ते मला आजही सांगता येणार नाही.

शिवानंद रागावलेले नव्हते. घाबरलेले होते. दाराच्या उंबऱ्यावर बसून म्हणाले, “मॅडम, मी कोल्हापूरला आयटीआयला होतो. तोंड उघडलं की वर्ग हसायचा. ‘ती पाणी आला’ असं बोलायचो मी. दोन वर्षं मागच्या बाकावर गप्प बसून काढली. माझ्या पोरीचं तसं व्हायला नको.”

“तुम्हाला आता मराठी चांगली येते,” मी म्हटलं. “कुणी शिकवली?”

“शिकवली कुणी न्हाय. गल्लीत, दुकानात. आली आपोआप.”

“आणि तेवढ्यासाठी कन्नड विसरावी लागली?”

त्यांनी गोठ्यातल्या आईकडे बघितलं.

मी त्यांना सोपं करून सांगितलं. मुलाला आधी बोलण्याची गोडी लागते, मग भाषा. एका भाषेत गप्पा मारायला शिकलेलं मूल दुसरी भाषा त्याच बळावर उचलतं. ज्या भाषेत घरातल्या माणसाचं तोंड मोकळं चालतं, तीच मुलाला देण्यासारखी. ईश्वरी मागे आहे, थोडी मागे आहे, ते मी लपवणार नाही. काही उच्चारांवर काम करावं लागेल. पण तिचे शब्द सहा नाहीत, वीस आहेत, आणि ती ते जोडते. पाच मिनिटांत बघून तिला स्पेशल स्कूल सांगणाऱ्यांना हे दिसणं शक्य नव्हतं. मला तीन महिन्यांत दिसलं नाही. आणि मी पहिल्याच दिवशी तुम्हाला अडवायला हवं होतं, तेही सांगितलं.

“म्हणजे चूक तुमची?” शिवानंद म्हणाले.

“निम्मी माझी.”

त्यांनी विचार केला. “सहा आठवडे,” ते म्हणाले. “फरक पडला न्हाय तर परत बंद.”

करायचं फार नव्हतं. भिंतीवरचे तक्ते काढून टाकायचे. अव्वांनी कन्नड बोलायचं, स्नेहलने मराठी, ज्याला जी येते ती. ‘हे काय?’ हा प्रश्न बंद. ईश्वरी जे बघेल त्यावर बोलायचं, आपल्याला दाखवायचं असेल त्यावर नाही. तिने शब्द म्हटला की दुरुस्त करायचा नाही. तोच उचलायचा आणि त्याला एक शब्द जोडून परत द्यायचा. ती ‘हालु’ म्हणाली तर अव्वांनी ‘बिसि हालु’ म्हणायचं, गरम दूध. आणि आपण बोललो की मनात पाच आकडे मोजून थांबायचं. लहान मुलाला शब्द शोधून तोंडापर्यंत आणायला वेळ लागतो. आपण मध्ये बोललो की त्याचा शोध तुटतो.

ते पाच आकडे स्नेहलला सगळ्यात जड गेले. “जीव वरखाली होतो मॅडम,” फोनवर म्हणाली. “वाटतं, आता बोलावं की आपणच.”

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी ती आकड्यांत चारवर होती आणि ईश्वरी म्हणाली, “आई, नीरु दे.” कन्नड पाणी आणि मराठी दे. स्नेहलने लगेच फोन करून मला विचारलं, “हे चूक न्हवं ना?” मी सांगितलं, “वाक्य आहे. तीन शब्दांचं. पाणी द्या आधी.”

सहा आठवड्यांनी शिवानंद स्वतः क्लिनिकला आले. वहीत त्यांच्या अक्षरात चौसष्ट शब्द होते, तिन्ही भाषांतले. इंग्लिश सर्वांत कमी. ईश्वरीला उच्चारांसाठी मी पुढे आठ महिने बघितलं. ‘र’ आणि ‘ळ’ अजूनही तिला त्रास देतात. तिच्या वयाला ते चालतं.

पुढच्या वर्षी तिला दुसऱ्या शाळेत घातलं. पहिल्याच आठवड्यात बाईंनी घरी फोन केला, मुलगी काहीतरी सारखं मागते आणि कळत नाही. शिवानंद दुकान बंद करून गेले. मला स्नेहलने सांगितलं, ते वर्गाच्या दारात उभे राहून बाईंना म्हणाले, “नीरु म्हणजे पाणी. ब्याडा म्हणजे नको. साकु म्हणजे पुरे. लिहून घ्या, पंधरा दिवस लागतील. मग ती मराठीत मागेल.” दोन-चार मुलं हसली. ते तसेच उभे राहिले आणि बाईंनी लिहून घेतलं याची खात्री करूनच निघाले.

पंधरा दिवस लागले नाहीत. नऊ लागले.

मी माझ्या कामात दोन बदल केले. शब्द मोजताना भाषा विचारत नाही, आधी सगळे मोजते. आणि पहिल्या भेटीला आईबापांना सांगते, मूल दिवसभर ज्याच्या आसपास असतं त्याला सोबत आणा. पुष्कळ जण म्हणतात, “त्यांना आणून काय उपयोग? त्यांना त्यातलं काही कळत नाही.”

मी म्हणते, घेऊन तर या.