वळूचा साचा, नवरदेवाचं पान

वेबसाइटच्या धंद्यात पैसा साठत नाही, किस्से साठतात. आमच्या लातूरच्या ऑफिसात तर मालकांनी त्यासाठी वेगळा सर्व्हरच घ्यायला हवा होता.

आमचा बसवराज देवणीचा. वेबपानाची एकेक ओळ प्रोग्रामच्या स्क्रिप्टमध्ये हाताने लिहायचा. एको, म्हणजे 'छाप', आणि पुढे ओळ. पुन्हा एको, पुन्हा ओळ. मी म्हणायचो, "अरे, एक साचा कर." तो म्हणायचा, "हातच्या भाकरीची चव येगळी असती."

एकदा कंधारच्या कापड दुकानदाराला साइट दाखवायची होती. बसवराजचं एक अवतरणचिन्ह लावायचं राहिलं आणि अख्खं पान पांढरं आलं. दुकानदारांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"लई स्वच्छ झालंय. पण कापड कुठं हाय?"

"धुवायला टाकलंय, मामा," बसवराज म्हणाला.

*

मग मालकांनी हुकूम काढला, यापुढे फक्त साचा. पान एकदाच बनवायचं, मधे रिकाम्या जागा सोडायच्या, त्यात स्क्रिप्ट नाव-गाव भरेल. पहिला साचा झाला देवणी जातीचे बैल आणि वळू विकणाऱ्या साइटचा. वय, उंची, रंग, दात.

पाठोपाठ वधू-वर मंडळाचं काम आलं. मालकांनी रकाने वाचले. "हे तर तेच हाय की. नवं कशाला?"

आम्ही साचा तोच ठेवला. दातांचा रकाना तेवढा काढला.

*

हदगावच्या दोन भावांची स्थळं एकाच पानावर आली. खाली जुन्या साच्यातली ओळ, 'जोडी फोडून मिळणार नाही.' आम्ही घाबरून त्यांच्या वडिलांना फोन केला, माफी मागितली.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "वाटणीचं बोलणारी आपोआप गळंल."

*

बसवराजचं स्वतःचं लग्न मात्र जुळत नव्हतं. सरकारी नोकरी नाही म्हटल्यावर पाहुणे चहा पिऊन उठायचे. त्याची आई रडायची, आणि तो उशिरापर्यंत ऑफिसातच थांबायचा. बघून वाईट वाटायचं. शेवटी त्याने मंडळाच्या साइटवर स्वतःचंच पान टाकलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही ते उघडलं. फोटो झकास होता. खाली साच्यातली आणखी एक ओळ राहून गेली होती. 'कामाला लावून, चालवून बघा. पसंत पडला तरच बोला.'

बसवराजचा चेहरा उतरला. तो ओळ पुसायला बसला, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. उदगीरची एक शिक्षिका, स्वतःच्याच लग्नासाठी विचारत होती. त्याने घाबरून स्पीकर लावला.

"आजवर बघायला जे आले त्यांनी मलाच चालून दाखव म्हणलं," ती म्हणाली. "तुमचं पान वाचलं. रविवारी या. भांडी घासायची ठेवते."