साहेबांच्या तंबूतली शेगडी

घरात धुपासाठी कोळसा पेटवला की मी आधी मुलीच्या खोलीची खिडकी उघडतो. एका हिवाळ्यात वॉटर पार्कला जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही आखाती देशातल्या सखीरच्या वाळवंटात माझ्या कंपनीतल्या साहेबांच्या तंबूत उतरलो होतो. तंबूत गालिचे होते, झुंबरही होतं. गारठा वाढताच साहेबांनी पितळी शेगडी आत आणवली आणि दाराचे पडदे घट्ट बंद करून बांधायला लावले. "पाहुण्यांना थंडी लागता कामा नये!" निखाऱ्यांना धूर नव्हता, म्हणून त्यांच्या विषारी वायूचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. मुलगी "बाबा, हेडेक" म्हणत आडवी झाली. "उन्हाचं असेल," साहेब म्हणाले. मग बायको ओरडली, "अहो, ही उठत नाहीये!" मी पडदा फाडून तिला बाहेर वाळूवर नेलं. बऱ्याच वेळाने ती खोकली. साहेब म्हणाले, "पडदा नवा होता." आता खिडकी उघडली की ती कुरकुरते, "बाबा, इट्स कोल्ड!" तिची कुरकुर ऐकू आली की मगच मी खोलीबाहेर पडतो.