चैत्रात लावलेली बाग

माझ्या परसात चार झाडं बरी आलेली पाहून हल्ली कुणी ना कुणी विचारतं, आजी, आम्हालाही बाग करायची आहे, सुरुवात कधी करावी? मी सांगते, कधीही करा, पण चैत्रात करू नका. लोक हसतात. त्यांना वाटतं, म्हातारी महिने पाळते, काहीतरी सोवळंओवळं असेल. तसलं काही नाही. चैत्रात बाग लावणारा एक माणूस मी जवळून पाहिलाय, आणि माझं लग्न त्याच्याशीच झालेलं होतं.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. आम्ही औरंगपुऱ्यात राहायचो, दोन खोल्या आणि मागं परसू. घरात माणसं तीन, सासूबाई, आमचे हे आणि मी. हे सुभेदारीच्या कचेरीत कारकून. उर्दू अक्षर फार सुरेख, आणि त्या अक्षराचा त्यांना लई अभिमान. उजवा हात असा जपायचे, की जसं काही तो सरकारनं त्यांच्याकडं ठेवायला दिलाय. पाण्याची घागर डाव्या हातानं उचलायची, तीही कधी उचललीच तर.

मी खुलताबादची. दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, डोंगराच्या उताराला थोडी जमीन, एक विहीर आणि पेरूची झाडं. पण मातीतलं कळणं ही आमच्या सासरी काही मिरवायची गोष्ट नव्हती.

झालं असं, की माघात यांना कसलेसे कागद घेऊन छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर जावं लागलं. तिथं त्यांना ओसरीखाली दोन तास उभं ठेवलं. दुसऱ्या कुणाला राग आला असता. यांनी दोन तास समोरची फुलं पाहिली आणि घरी आले ते बागवान होऊन आले. पिवळी होती, जांभळी होती, मखमलीसारखी होती, जेवताना तेच, हात धुताना तेच. मग तिथल्या मुन्शीकडून एक जुनं इंग्रजी पुस्तक मागून आणलं, आणि तिथल्या माळ्याकडून उरलेल्या बियांच्या पुड्या. ही साहेबलोकांची फुलं दसरा-दिवाळीच्या सुमाराला पेरतात आणि उन्हं लागली की ती मरतात, हे त्या माळ्याला चांगलं ठाऊक असणार. त्यानं पुड्या बांधून दिल्या. बांधताना हसला असेल, मी असते तर हसले असते.

पुस्तकात लिहिलं होतं, बागेची सुरुवात वसंतात करावी. आता कचेरीत निजामाचं फसली साल, घरात पंचांग आणि पुस्तकात इंग्रजी महिने. यांनी पंचांग उघडलं. वसंत ऋतू म्हणजे चैत्र आणि वैशाख.

"शास्त्र आणि साहेब, दोघंही एकच सांगतात," हे म्हणाले. अशा माणसाला त्यापुढं विचारायला जगात कुणी उरत नाही.

मी म्हणलं, "अहो, चैत्रात आमच्याकडं कुणी काही पेरत नाही. दादा तर असलेली झाडं जगली म्हणजे झालं म्हणतात."

"तुझ्या दादांचं ते रान. ही बाग आहे."

"रानाला ऊन लागतं आणि बागेला लागत नाही का?"

"वसंतात सगळी सृष्टी फुलते. पळस बघ, आंबा बघ."

"पळसाची मुळं खोल गेलेली असतात. ह्या बियांना अजून मूळच फुटलेलं नाही."

"तू पुस्तक वाचलंस का?"

हा प्रश्न आला की बोलणं संपायचं. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. पुढं माझी मी शिकले. पण छापलेलं सगळं खरं नसतं हे मला अक्षर यायच्या आधीच कळलं, ते त्या वर्षी.

फाल्गुनात परसू खणलं. खणलं म्हणजे मी खणलं. हे दाराशी पुस्तक धरून उभे. खुरपं धरलं तर हाताला फोड येईल, फोड आला तर अक्षर बिघडेल, अक्षर बिघडलं तर कचेरी बंद पडेल, असं त्यांचं म्हणणं. मोरीच्या पाण्यावर सासूबाईंचा पुदिना होता, चांगला माजलेला. तोही काढायला लावला. सासूबाई म्हणाल्या, "काढ गं. साहेबाच्या बागेत पुदिना शोभत नसेल."

मग वाफे. सरळ वाफा चालेना. एक गोल, एक चंद्रकोरीसारखा, कडेला तिरप्या विटा आणि विटांना चुना. प्रत्येक वाफ्यात एक लाकडी पाटी, पाटीवर फुलाचं नाव, एकदा उर्दूत आणि एकदा मराठीत. पॅन्सी, पिटूनिया, आणखी दोन होती, विसरले. पाट्या फार देखण्या झाल्या होत्या. पाडव्याला गुढी उभारली आणि पाटावर पुड्या मांडून त्यांना हळदकुंकू वाहून बी पेरलं.

पाणी आमच्या आडाचं. चैत्रात आड पार तळाला जायचा, दोराला दोर बांधावा लागायचा आणि वर येईपर्यंत अर्धी घागर सांडलेली असायची. सकाळी बागेला, संध्याकाळी बागेला, मधे घराला. माझ्या तळहातांवर दोराच्या लाल रेघा उमटल्या, त्या मिटेनात.

आठ दिवसांनी कुठं दोऱ्यासारखं काही उगवलं. यांना कोण आनंद. दुपारपर्यंत ते दोरे माना टाकायचे. मग यांनी काय करावं? कचेरीतून जेवायला आले की आपली काळी छत्री उघडून पॅन्सीवर धरून बसायचे. सासूबाई दारातून बघायच्या. एकदा म्हणाल्या, "तुझे वडील असते तर त्यांना दाखवलं असतं. त्यांच्यावर कधी धरली नाहीस."

एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक. पण पुस्तकात पुढं लिहिलं होतं, वसंतातल्या रात्री दव गोठतं, कोवळी रोपं झाकून ठेवावी. झालं. दिवस मावळला की गोणपाट ओले करून वाफ्यांवर अंथरायचे. औरंगाबादेत, चैत्रात, जेव्हा आम्ही अंगणात पडलेलो असायचो आणि अंगाखालची सतरंजीसुद्धा गरम लागायची. मी विचारलं, "दव गोठतं म्हणजे काय होतं?" तर हे म्हणाले, "बर्फ होतं." मी आभाळाकडं पाहिलं आणि गोणपाट अंथरला. हनुमान जयंतीपर्यंत वाफ्यात नुसत्या पाट्या उरल्या. हे म्हणायचे, पाणी कमी पडलं. दुसऱ्या दिवशी म्हणायचे, पाणी जास्त झालं. पाणी घालणारी मीच, त्यामुळं दोन्हीकडून दोष माझाच.

आणि नेमकं त्याच दिवसांत माझ्या बहिणीचं लग्न ठरलं.

ती माझ्याहून सात वर्षांनी धाकटी. आई आमची ती लहान असतानाच गेली. तिची वेणी मी घातली, तिला ताप आला तर मांडीवर मी घेतलं. वैशाखात लग्न होतं, आणि हळदीला आईच्या जागी बसायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. भाऊ सांगायला आला, अमुक दिवशी बैलांची दमणी घेऊन न्यायला येतो. यांनी त्याला गूळपाणी दिलं आणि म्हणाले, "ती येऊ शकणार नाही. बागेला दोन वेळ पाणी लागतं."

भावाला वाटलं थट्टा आहे. तो हसला. हे हसले नाहीत.

त्याला कारण होतं. कचेरीतल्या मोठ्या साहेबांपुढं यांनी बागेचं इतकं वर्णन केलं होतं, की ते बिचारे म्हणून बसले, किसी जुम्मे को आके देखेंगे. बोलणं आवरावं म्हणूनच म्हणाले असतील. पण यांनी शुक्रवार ठरवूनच टाकला, कारण शुक्रवारी कचेरी बंद. तो शुक्रवार भाऊ येणार त्याच्या आदल्या दिवशी होता.

"साहेब येऊन बाग बघून जाऊ देत, मग जा," हे म्हणाले. सासूबाई तिथंच तांदूळ निवडत होत्या.

"आणि बाग नाही आली तर?"

"तर त्यांना पुढच्या शुक्रवारी बोलवावं लागेल. तोवर तू पाणी घाल."

पुढच्या शुक्रवारपर्यंत माझी बहीण सासरी गेलेली असणार होती. मी रडले नाही, राग इतका आला होता की रडायला जागा नव्हती. कोरड्या मातीत पाट्या रोवून बसलेल्या माणसापायी मी माझ्या लेकरासारख्या बहिणीची हळद चुकवायची होती.

त्या आठवड्यात आमच्याकडं चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. गौरीपुढं आरास करतात, तिच्यात हिरवा डोंगर लागतो. तो कसा करतात, तर मडकं पालथं घालायचं, त्यावर ओलं फडकं गुंडाळायचं आणि भिजवलेलं अळीव थापायचं. चौथ्या दिवशी मडकं हिरवंगार. मी ते मडकं गौरीपुढं ठेवलं, आणि मला माझीच कीव आली, इतके दिवस हे सुचलं कसं नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी हे कचेरीत गेल्यावर डब्यातलं अळीव काढलं, मोहरी काढली, मेथी काढली, भिजवली आणि वाफ्यांत दाट पेरली. सासूबाई आल्या, डब्यात डोकावल्या.

"अळीव कुठं गेलं?"

"बागेत."

त्यांनी वाफ्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "मग मेथी आणखी घाल," म्हणाल्या, "अळीव आडवं पडतं. मेथी उभी राहते." आणि आतून मेथीची दुसरी पुरचुंडी आणून दिली.

यांचे ते दवाचे गोणपाट मी दिवसाही तसेच ठेवले. मातीची ओल टिकली. साऱ्या बागेत उपयोगाची गोष्ट ती एकच, आणि तीही चुकीच्या कारणासाठी आणलेली. चौथ्या दिवशी वाफे हिरवे, शुक्रवार येईपर्यंत मेथी चांगली चार बोटं. हे गोल वाफ्याभोवती फिरत होते, पॅन्सीची पाटी सरळ करत होते. "बघितलंस? पुस्तकात लिहिलंय, धीर धरावा." एकदाही वाकून पान बघितलं नाही. जन्मभर मेथी खाल्लेला माणूस, पण ताटातली. जमिनीत उभी असलेली मेथी त्यांनी कधी पाहिलेलीच नव्हती, आणि पाहावी असंही वाटलेलं नव्हतं.

साहेब खरंच आले. हैदराबादकडचे, उंच, वयस्क, शांत माणूस. मी आणि सासूबाई स्वयंपाकघराच्या खिडकीआड. यांनी शेरवानी घातलेली, उजवा हात पुढं करून वाफे दाखवत होते.

"ये पॅन्सी है, हुजूर. विलायती फूल."

"अच्छा." साहेब वाकले, एक पान खुडलं, बोटात चुरून वास घेतला आणि तोंडात टाकलं. जरा वेळ चावत राहिले. "मुन्शीजी, हमारी अम्मा इसको गोश्त में डालते."

सासूबाईंनी पदर तोंडाशी धरला.

"मेथी बहुत उम्दा है," साहेब म्हणाले. चेष्टेचा सूर नव्हता, भल्या माणसाचं बोलणं होतं. "इस धूप में मेथी कहाँ मिलती. दो-चार दिन, सुबह को थोडी घर भिजवा देना. अम्मा खुश हो जाएँगी." चहा घेतला, आडाकडं एकदा बघितलं, आणि गेले.

हे आत आले.

"ती मेथी होती."

"व्हय," मी म्हणलं.

"पॅन्सी कुठं गेली?"

"पॅन्सी कधीच मेली. तुम्ही तिच्यावर छत्री धरली होती, तेव्हाच ती मेलेली होती."

ते लाल झाले. मग कारकुनाला सुचावं तसं त्यांना सुचलं. "आता तुला जाता येणार नाही. साहेबांना रोज मेथी पाठवायची आहे. पाणी कोण घालील?"

सासूबाई चुलीपुढून उठल्यासुद्धा नाहीत. "ज्याची बाग तो घालील," म्हणाल्या. "साहेब बघून गेले की जा, हे तू माझ्यासमोर बोललास. आले, बघितलं, खाल्लंसुद्धा. सून उद्या जाईल."

दुसऱ्या दिवशी उजाडता दमणी आली. मी मागं वळून बघितलं नाही. हळदीला मी आईच्या जागी बसले. बहिणीच्या गालाला हळद लावताना माझे तळहात तिला खरखरीत लागले. "अक्का, हे काय झालं?" तिनं विचारलं. "बागकाम," मी म्हणलं. सगळ्या बायका हसल्या, त्यांना वाटलं कुठल्या श्रीमंताच्या घरी दिलीय हिला.

लग्न लावून दहा दिवसांनी परत आले, तर हे आडावर. धोतर खोचलेलं, दोर हातात, दोन्ही तळव्यांना चिंध्या बांधलेल्या. सासूबाईंनी सगळं सांगितलं. रोज पहाटे पाणी, मग मेथी खुडायची, रुमालात बांधायची आणि कचेरीआधी साहेबांच्या घरी पोचवायची. चार दिवस कधीच संपले होते, पण पुरे आता, असं साहेब म्हणाले नव्हते आणि विचारायची यांची छाती नव्हती. मेथी पिवळी पडत चालली होती. पॅन्सीची पाटी अजून तिच्यात उभी होती. ती आणि बाकीच्या तीन मी त्याच संध्याकाळी चुलीत घातल्या, चांगल्या जळल्या. आणि मोरीपाशी पुदिन्याची काडी परत खोचली.

फळीवर यांनी लिहायला घेतलेला कचेरीचा कागद होता. मला उर्दू येत नव्हती, पण उभी रेघ उभी आहे की वाकलीय, एवढं कुणालाही दिसतं. सगळ्या रेघा वाकल्या होत्या. कचेरी मात्र दुसऱ्या दिवशी वेळेवर उघडली.